नाताळात सुवार्ता सांगायची आहे? आधी देवदूताचा संदेश ऐका

काही वर्षांपूर्वी नाताळच्या संध्याकाळी मी संदेश दिला होता. ‘येशू हेच आपले तारण’ असा विषय. उपासना संपल्यावर पहिल्यांदाच आलेले एक गृहस्थ जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “राग मानू नका, पण तारण म्हणजे काय? कर्ज काढताना घर तारण ठेवतात, तेच का?” त्यांनी अर्धा तास मन लावून ऐकले होते. तेवढ्या वेळात तो शब्द मी वीस-पंचवीस वेळा तरी उच्चारला असेल, आणि दर वेळी त्यांच्या डोळ्यांपुढे गहाणखत उभे राहत होते. चूक त्यांची नव्हती. रोजच्या मराठीत तारणाचा अर्थ तोच आहे.

त्या रात्री झोप लागेना, म्हणून बायबलातल्या लूककृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढून बसलो. नाताळचा पहिला संदेश तिथे आहे, आणि तो मंदिरात दिलेला नाही. उघड्या रानात, रात्रभर जागून कळप राखणाऱ्या मेंढपाळांना देवदूताने तो दिला (लूक 2:10-12). मोठ्याने वाचला तर अर्धा मिनिटही लागत नाही. भिऊ नका, सगळ्या लोकांना मोठा आनंद होईल अशी बातमी आहे, तुमच्यासाठी आज दावीदाच्या गावात तारणारा जन्मला आहे, तो ख्रिस्त प्रभू आहे, आणि खूण ही, की बाळंत्याने गुंडाळलेले, गव्हाणीत ठेवलेले बाळ तुम्हांला सापडेल. यातला एकही शब्द त्या मेंढपाळांना परका नव्हता. बाळंते आणि गव्हाणी रोजच्या वापरातल्या वस्तू, दावीद राजाचे गाव बेथलेहेम त्याच परिसरातले, आणि तारणाऱ्याची वाट तर त्यांचे पूर्वज पिढ्यान्‌पिढ्या पाहत आले होते. संदेश संपला तसे ते उठले आणि बाळाला पाहायला निघाले.

तेव्हापासून नाताळची तयारी मी या तीन वचनांवरून करतो. पुढे लिहिले आहे ते व्यासपीठावरून बोलणाऱ्या पाळकांसाठी आहे, तरुण संघाच्या कार्यक्रमात पाच मिनिटे मिळालेल्या मुला-मुलींसाठी आहे, आणि ज्यांच्या हातात कधीच माईक येणार नाही, पण ज्यांच्या शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला येशू ठाऊक नाही, त्यांच्यासाठीही आहे.

तीन नावे लिहा

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात एका कागदावर तीन नावे लिहा. ‘अविश्वासी लोक’ असे मोघम लिहू नका. ज्यांचा चेहरा डोळ्यांपुढे येतो अशी तीन माणसे लिहा. रोज त्यांच्यासाठी प्रार्थना करा. संदेश तयार करताना कागद समोर ठेवा आणि प्रत्येक परिच्छेद लिहून झाला की विचारा: हे यांना कळेल का? यांना यातून काय मिळेल?

नाताळला आलेल्यांत निदान चार तऱ्हेची माणसे असतात. दुसऱ्या श्रद्धेत वाढलेला आणि मित्राच्या आग्रहाखातर आलेला. देव-धर्म काहीच न मानणारा, पण गाणी आवडतात म्हणून येणारा. लहानपणी शब्बाथशाळेत गेलेला आणि पुढे दुखावून किंवा कंटाळून दूर गेलेला. आणि विश्वासी बायकोबरोबर किंवा नवऱ्याबरोबर वर्षातून एकदा येणारा, जो दाराजवळच्या बाकावर बसतो. पहिल्याला दावीद कोण हे सांगावे लागते. तिसऱ्याला ते पाठ असते, त्याला हवे असते ते कुणीतरी त्याचे दुखणे खरे मानणे. मला स्वतःला सर्वांत अवघड वाटतो तो चौथा. त्याला दरवर्षी कुणी ना कुणी उपदेश केलेला असतो, आणि तो काय म्हणतो हे मात्र कुणीच विचारलेले नसते.

म्हणून शक्य असेल तर कागदावरच्या तिघांपैकी एकाला तरी आधी भेटा आणि विचारा: “नाताळ म्हटले की तुला काय वाटते?” मग गप्प बसा. उत्तर दुरुस्त करू नका. त्या दहा मिनिटांत जे ऐकाल त्यावर तुमचा संदेश उभा राहील.

आणि ‘अविश्वासी’ हा शब्द त्यांच्यासमोर उच्चारू नका. आपल्याला तो साधा वाटतो, ऐकणाऱ्याला शिक्का वाटतो.

एकच उतारा घ्या

नाताळच्या संदेशात आदाम, अब्राहाम, यशया, मीखा, बेथलेहेम, कालवरी आणि प्रकटीकरण असे सगळे कोंबण्याचा मोह होतो, कारण ही माणसे पुन्हा येतील की नाही याची धास्ती असते. पण नव्या माणसाला एका बैठकीत एकच गोष्ट पेलते.

मेंढपाळांचा प्रसंग (लूक 2:1-20) कुठल्याही मिश्र गर्दीला चालतो. कुटुंबात काही मोडले आहे, बदनामीची भीती आहे, अशी माणसे समोर असतील तर योसेफाचा प्रसंग (मत्तय 1:18-25) घ्या. मरीयेला गुपचूप सोडून देण्याचा विचार करणारा हा नीतिमान माणूस त्यांना जवळचा वाटतो. शोध घेणाऱ्या, शिकलेल्या माणसांसाठी मागी लोकांचा, म्हणजे पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांचा, प्रसंग (मत्तय 2:1-12) चांगला: ते परदेशी होते, त्यांचा धर्म वेगळा होता, त्यांच्याजवळ होता फक्त एक तारा आणि एक प्रश्न. योहान 1:1-14 अतिशय खोल आहे, पण पूर्वपीठिका नसलेल्या माणसाला ‘शब्द देही झाला’ हे एका दमात उलगडत नाही. ते मी दुसऱ्या-तिसऱ्या भेटीसाठी ठेवतो.

एक उतारा मात्र आपण नेहमी गाळतो, तो म्हणजे मत्तयाच्या पहिल्या अध्यायातली वंशावळ. नावांची रटाळ यादी वाटते, पण तीत मरीयेच्या आधी चार स्त्रिया येतात: तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. एकीने सासऱ्याकडून मूल मिळवले, एक वेश्या होती, एक परदेशी विधवा होती, आणि चौथीचा उल्लेख करतानाही मत्तय दुसऱ्याची बायको घेण्याचा दावीदाचा अपराध झाकत नाही. आपल्या घराण्याची गोष्ट कुणाला कळू नये असे वाटणाऱ्या माणसाला हे सांगून पाहा, की देवाच्या पुत्राने स्वतःच्या घराण्याची गोष्ट पहिल्याच पानावर उघडी ठेवली आहे. मी हे एकदा लहान गटात बोललो, तेव्हा कोपऱ्यातल्या एका बाईंनी पदराच्या टोकाने डोळे पुसले आणि विचारले, “हे खरंच बायबलात लिहिलंय?” पुस्तक त्यांच्या हातात दिले आणि ती चार नावे त्यांनी बोटाने एकेक करून शोधली.

बायबलात नसलेले बाजूला काढा

बाहेरचा माणूस नाताळबद्दल इंटरनेटवर वाचून आलेला असतो. तुम्ही सांगितलेली एक गोष्ट बायबलात नाही असे त्याला कळले, की बाकीच्यावरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून उतारा तीनदा वाचा आणि आपल्या नाटिकांतून, देखाव्यांतून आत शिरलेले वेगळे करा. मागी तीन होते असे मत्तय म्हणत नाही. भेटी तीन होत्या, सोने, ऊद आणि गंधरस. ते राजे होते असेही तो म्हणत नाही. ते गव्हाणीपाशी नव्हे, घरात गेले (मत्तय 2:11). मरीया गाढवावर बसून आली हे लूक सांगत नाही, आणि दार लावून घेणारा उतारशाळेचा मालक तर त्याच्या अहवालात कुठेच नाही. ज्या मूळ ग्रीक शब्दाचे भाषांतर ‘उतारशाळा’ होते, तोच शब्द लूक 22:11 मध्ये शेवटच्या भोजनाच्या खोलीसाठी आला आहे. म्हणजे ती घरातली पाहुण्यांची खोलीही असू शकते. मेंढपाळ समाजाने ओवाळून टाकलेले होते हेही ठासून सांगू नका. कामकरी, साधी माणसे होती, एवढे पुरे.

तारखेचा प्रश्न तर येणारच. “येशू 25 डिसेंबरला जन्मलाच नव्हता ना?” घाबरू नका आणि भांडूही नका. शुभवर्तमानांत तारीख दिलेली नाही. रोममध्ये 25 डिसेंबरला ख्रिस्तजन्म पाळत असल्याची सर्वांत जुनी नोंद 354 सालच्या एका पंचांगवजा संग्रहात मिळते आणि ती 336 च्या सुमाराची मानतात. ही तारीख का निवडली यावर अभ्यासकांत दोन मते आहेत: सूर्याच्या सणाला पर्याय म्हणून, किंवा 25 मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजून. सालाचेही तसेच. डायोनिशिअस नावाच्या मठवासीयाने 525 मध्ये ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत घातली, पण हेरोद राजा बहुतेक इतिहासकारांच्या मते इ.स.पू. 4 मध्ये वारला, म्हणजे येशूचा जन्म त्याआधीचा. हे सगळे तुम्ही शांतपणे कबूल केले की ऐकणारा सावरून बसतो. हा माणूस काही लपवत नाही, हे त्याला कळलेले असते. मग सांगा, की आपण तारीख नव्हे, तो आला ही घटना साजरी करतो.

आपले शब्द त्यांना कसे ऐकू येतात

या पायरीवर मी सर्वांत जास्त वेळ घालवतो, आणि तुम्हीही घालवावा असे मनापासून वाटते. आपली मंडळीतली मराठी गोड आहे, पण ती एका कुटुंबाची बोली झाली आहे. ‘मंडळी’ हाच शब्द घ्या. “आमची मंडळी” म्हटले की बाहेरच्याला आपली बायको किंवा घरची माणसे आठवतात. ‘वचन’ म्हणजे त्याच्या लेखी दिलेला शब्द. “वचन वाचू या” त्याला चमत्कारिक वाटते. ‘साक्ष’ कोर्टात देतात. ‘गौरव’ निवृत्त होणाऱ्या शिक्षकांचा करतात. ‘नवा जन्म’ म्हटले की तो पुनर्जन्म समजतो, म्हणजे आपल्याला सांगायचे असते त्याच्या नेमके उलटे. ‘पवित्र आत्मा’ ऐकून तो मेलेल्या कुणाचा तरी आत्मा समजतो. आणि ‘कोकऱ्याच्या रक्ताने धुतलेले’ हे गाणे आपण डोळे मिटून गातो तेव्हा तो शेजारी बसून अस्वस्थ होत असतो.

याचा अर्थ हे शब्द टाकून द्या असा नाही. एका संदेशात असे दोनच शब्द वापरा आणि दोन्ही उलगडा. बाकीच्यांना साधे पर्याय आहेत: वचनाऐवजी ‘बायबलात लिहिले आहे’, साक्षीऐवजी ‘माझ्या आयुष्यात जे घडले ते सांगतो’, सहभागितेऐवजी ‘आम्ही एकत्र जमतो’.

‘पापी’ या शब्दाकडे वेगळे लक्ष द्या. मराठीत ही शिवी आहे. “तुम्ही सगळे पापी आहात” असे म्हटले की समोरचा मनातल्या मनात चोर, खुनी आणि लाचखोर मोजतो आणि ‘मी त्यांतला नाही’ असे ठरवून मोकळा होतो. त्यापेक्षा आतून सुरुवात करा. ज्याने आपल्याला घडवले त्याच्याकडे पाठ करून आपण आपलेच खरे करत जगतो. जे बरोबर आहे हे कळते तेही हातून होत नाही. आणि ज्यांच्यावर सर्वांत जास्त प्रेम त्यांनाच सर्वांत जास्त दुखावतो. हे ‘आपण’ म्हणून सांगा. बोट समोर नको, स्वतःच्या छातीवर हवे.

आणि तारण? त्या गृहस्थांनी विचारल्यापासून मी नामाऐवजी क्रियापद वापरतो. ‘देव तारी त्याला कोण मारी’ ही म्हण प्रत्येकाला येते. तारणे म्हणजे बुडणाऱ्याला वर काढणे, पैलतीराला नेणे, हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही. ‘तारणारा’ हा शब्द म्हणूनच जिवंत आहे. पुढे एवढेच जोडायचे, की हा तारणारा काठावर उभा राहून दोर फेकत नाही, तो पाण्यात उतरतो. नाताळ म्हणजे त्याचे पाण्यात उतरणे.

तयार झालेला संदेश मंडळीबाहेरच्या एखाद्या मित्राला वाचून दाखवा आणि जिथे त्याची भुवई आक्रसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. माझ्या पहिल्या खेपेला चार पानांत एकोणीस खुणा झाल्या होत्या.

संदेशाची मांडणी

15 ते 20 मिनिटे धरा, त्याहून जास्त नको. मांडणीसाठी देवदूताचा क्रमच घ्या.

तो भीतीपासून सुरुवात करतो, कारण ऐकणारे घाबरलेले होते. तुमच्यासमोरची माणसे कशाला घाबरतात? आजाराला, नोकरी जाण्याला, एकटेपणाला, मरणाला. पहिली तीन-चार मिनिटे तिथे घालवा. गोड गोड सुरुवात करू नका. नाताळच्या दिव्यांत कितीतरी माणसे वर्षभरात गेलेल्या कुणाची तरी रिकामी खुर्ची मनात घेऊन बसलेली असतात.

मग बातमी. सुवार्ता म्हणजे चांगली बातमी, आणि बातमी ही सल्ल्यापेक्षा वेगळी असते. सल्ला सांगतो, तुम्ही हे करा. बातमी सांगते, हे घडले आहे. ‘प्रेमाने राहा, क्षमा करा, गरिबांना मदत करा’ एवढ्यावर आपला संदेश संपत असेल, तर तो चांगला उपदेश झाला, सुवार्ता झाली नाही. लूकने या शब्दाला जी धार दिली आहे ती दाखवायची असेल तर रोमन सम्राट औगुस्त कैसराची गोष्ट सांगा. लूक आपली कथा त्याच्याच हुकुमापासून सुरू करतो. आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) प्रीएने शहरात इ.स.पू. 9 चा एक शिलालेख सापडला आहे. त्यात या कैसराचा जन्मदिवस म्हणजे जगासाठी सुवार्तेची सुरुवात असे म्हटले आहे, आणि शब्दही तोच, शुभवर्तमानासाठी आपण वापरतो तो ग्रीक शब्द. त्याच साम्राज्याच्या एका कोपऱ्यात, ज्याच्या आईबापांना शुद्धीकरणासाठी कोकरू परवडले नाही आणि पक्ष्यांच्या जोडीवर भागवावे लागले (लूक 2:24), त्या बाळाबद्दल देवदूत म्हणतो: खरी सुवार्ता ही.

त्यानंतर ‘तुमच्यासाठी’. या एका शब्दावर थांबा. मी साधारण असे बोलतो:

“राजाला मुलगा झाला तर निरोप्या म्हणतो, राजाला मुलगा झाला. योसेफाला मुलगा झाला तर शेजारी म्हणतात, योसेफाला मुलगा झाला. पण इथे रानात बसलेल्या, त्या कुटुंबाशी नात्यागोत्याचा संबंध नसलेल्या माणसांना देवदूत सांगतो, तुमच्यासाठी जन्मला आहे. ते काही मागत नव्हते. त्यांनी उपास केला नव्हता, नवस बोलला नव्हता. ते आपले काम करत होते आणि बातमी त्यांना शोधत आली. तुम्ही आज इथे कुणाच्या आग्रहाने आला असाल, गाणी ऐकायला आला असाल. हरकत नाही. पण ही बातमी या खोलीतल्या ख्रिस्ती लोकांपुरती नाही. देवदूताने ‘सगळ्या लोकांना’ म्हटले आहे, आणि त्यात तुम्ही आहात.”

एवढे बोलून दोन श्वास थांबा. शांततेची भीती बाळगू नका.

‘ख्रिस्त’ हे आडनाव नाही, देवाने अभिषेक करून नेमलेला राजा असा त्याचा अर्थ, हे एका वाक्यात सांगा. आणि ‘प्रभू’ गाळू नका. बाळ सगळ्यांना आवडते, कारण बाळ काही मागत नाही. पण हे बाळ राजा आहे, आणि राजापुढे माणसाला काहीतरी ठरवावे लागते. हेरोदाला हे कळले होते, म्हणून तो दचकला.

गव्हाणीजवळच थांबू नका

नाताळचे कितीतरी संदेश गव्हाणीशी सुरू होतात आणि तिथेच संपतात. मग ऐकणारा म्हणतो, छान गोष्ट होती. क्रुसापर्यंत जायलाच हवे, पण उडी मारून नको. जन्मकथेतच वाट आहे. योसेफाला स्वप्नात नाव सांगितले जाते, येशू, आणि कारणही: तो आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील (मत्तय 1:21). बाळ चाळीस दिवसांचे झाले तेव्हा मंदिरात शिमोन नावाचा भक्त त्याला हातांत घेतो, देवाला धन्यवाद देतो आणि आईला सांगतो, की तुझ्या स्वतःच्या जिवातून तलवार भोसकून जाईल. तान्ह्या बाळाच्या आईला कुणी असे बोलते का? शिमोनाला पुढचे दिसत होते.

लूकचे एक चित्र मला फार हलवते. दुसऱ्या अध्यायात मरीया बाळाला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेवते. तेविसाव्या अध्यायात अरिमथाईचा योसेफ त्याच येशूचे शव तागाच्या वस्त्रात गुंडाळून कबरेत ठेवतो. दोन्ही वेळा तो दुसऱ्याच्या हातांत, आणि दोन्ही वेळा उसन्या जागेत. हे सांगितले की क्रूस वेगळा चिकटवल्यासारखा वाटत नाही. जे आपल्या माथी होते ते त्याने आपल्या अंगावर घेतले आणि आपली जागा घेतली, हे इथे सरळ सांगा. आणि तिथून लगेच चोविसाव्या अध्यायात या: कबर रिकामी, आणि पुन्हा देवदूतांकडूनच बातमी. पुनरुत्थानाशिवाय नाताळ ही एका चांगल्या माणसाची जयंती उरते.

आमंत्रण द्या, ओढू नका

शेवटी विचारायला लाजू नका. बातमी ऐकून काय करायचे हे न सांगता माणसांना दारापर्यंत पोहोचवणे ही माया नव्हे. पण विचारण्याची रीत स्वच्छ हवी. मंद संगीत लावून, “आज रात्री तुम्ही मेलात तर?” असे घाबरवून मिळवलेला होकार सकाळपर्यंत टिकत नाही. पैसा, नोकरी, शाळेतला प्रवेश, आजार बरा होण्याची हमी, यांतले काहीही सुवार्तेला जोडू नका. तो प्रभूचा अपमान आहे, आणि बऱ्याच ठिकाणी कायद्याने गुन्हाही. आपण राहतो तिथला कायदा माहीत करून घ्या. लहान मुले आली असतील तर आईवडिलांना विचारल्याशिवाय त्यांच्याकडून कसलाही निर्णय वदवून घेऊ नका. कुणाच्या श्रद्धेला नावे ठेवू नका. देवदूताने मेंढपाळांसमोर कुणाचीही निंदा केली नाही, त्याच्याकडे सांगायला त्याहून मोठे काहीतरी होते.

मी तीन दारे उघडी ठेवतो आणि तिन्ही मोठ्याने सांगतो. ज्याच्या मनात आताच विश्वास उपजला आहे त्याने बसल्या जागी, मनातल्या मनात माझ्यामागून म्हणावे: “प्रभू येशू, मी तुझ्याकडे पाठ करून जगलो. तू माझ्यासाठी आलास, माझ्यासाठी मेलास आणि उठलास. मला क्षमा कर, मला तार, आजपासून तू माझा प्रभू हो.” ज्याला अजून प्रश्न आहेत त्याने लूककृत शुभवर्तमानाची प्रत घेऊन जावे. आणि ज्याला फक्त बोलायचे आहे, त्याच्यासाठी मी अर्धा तास पुढच्या बाकावर बसलेला असतो. हात वर करायला, पुढे यायला सांगत नाही. बहुतेक माणसे दुसरे दार निवडतात, आणि त्याचा मला आनंदच वाटतो.

व्यासपीठ नसेल तेव्हा

संदेश देणारे थोडे. खरे काम घरात आणि कामाच्या जागी होते. तिथे भाषण नको. “तुम्ही नाताळ कसा करता?” असे कुणी विचारले, की सजावटीबद्दल सांगून झाल्यावर दोन वाक्ये आपली जोडा: “खरं सांगायचं तर देव लांब नाही, तो आमच्यात राहायला आला, याचा आनंद असतो. मागच्या वर्षी बाबा गेले तेव्हा मला ते फार जवळून कळलं.” आपले खरे दुःख, खरा अनुभव, रचलेला नको. समोरचा पुढे विचारेल तर बोला. नाही विचारले तर विषय बदलू द्या. मनात पडलेले बी उकरून बघायचे नसते.

घरातल्याच माणसाला सांगणे सर्वांत कठीण, कारण त्याने आपल्याला चिडताना पाहिलेले असते. तिथे कधी कधी पहिली पायरी म्हणजे माफी मागणे.

हमखास येणारे प्रश्न

“येशू म्हणजे एक अवतारच ना?” हा प्रश्न सहसा आदराने विचारलेला असतो, त्याला झटकू नका. साम्य आहे हे मान्य करा: देव खाली येतो ही ओढ दोन्हीकडे आहे. मग फरक सांगा. येशू एकदाच आला, इतिहासातल्या एका ठिकाणी, पूर्ण माणूस होऊन. भूक, थकवा, अश्रू आणि मरण सगळे सोसले. आणि तो दुष्टांचा संहार करायला नव्हे, दुष्टांसाठी मरायला आला.

“येशू खरंच होऊन गेला का?” रोमन इतिहासकार टॅसिटस ख्रिस्ती नव्हता, उलट त्याला ख्रिस्ती लोकांचा तिटकारा होता, तरी दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला त्याने लिहून ठेवले, की सम्राट तिबिर्याच्या कारकिर्दीत रोमन सुभेदार पंतय पिलाताने ख्रिस्ताला देहदंड दिला. एवढे सांगून शुभवर्तमानाकडे या.

“कुमारीच्या पोटी मूल कसे?” हा प्रश्न सर्वांत आधी मरीयेनेच विचारला (लूक 1:34). देव आहे हे मानले तर हे अशक्य नाही, आणि नाही मानले तर वाद या चमत्काराचा नसून देव आहे की नाही याचा आहे.

“मग जगात एवढे दुःख का?” याला चतुर उत्तर देऊ नका. मत्तय नाताळच्या कथेतच बेथलेहेममधल्या मारल्या गेलेल्या मुलांचा आणि त्यांच्या आयांचा आक्रोश लिहितो, तो पुसून टाकत नाही. विचारणाऱ्याचे कोण गेले, हे आधी विचारा.

26 डिसेंबर

नाताळच्या संध्याकाळी आपण थकलेलो असतो आणि दुसऱ्या दिवशी सजावट उतरवायला लागतो. पण मेंढपाळांची गोष्ट बाळ पाहून संपत नाही, ते परत गेले आणि बोलत राहिले. 26 तारखेला त्या तीन नावांच्या कागदाकडे पुन्हा पाहा. जे आले त्यांना फोन करा, फक्त आभार माना आणि विचारा, “काय वाटलं?” जे आले नाहीत त्यांनाही करा, तक्रार न करता.

लूकमध्ये 24 अध्याय आहेत. ज्याने प्रत नेली आहे त्याला आठवड्यातून एकदा, त्याला सोयीच्या जागी, एकेक अध्याय सोबत वाचू या का असे विचारा. वाचताना तीनच प्रश्न ठेवा: यात काय घडले, येशू कसा दिसला, तुला काय खटकले. उत्तर येत नसेल तर “पाहून सांगतो” म्हणा आणि पुढच्या वेळी खरेच पाहून या. तारणाचा अर्थ विचारणाऱ्या त्या गृहस्थांबरोबर मी असेच वाचायला बसलो होतो. पहिला अध्याय 80 वचनांचा आहे. आम्हांला तो दोन बैठकींत पुरा करावा लागला, आणि पंधराव्या अध्यायापर्यंत पोहोचायला एप्रिल उजाडला. तिथे बाप धावत जाऊन मुलाच्या गळ्यात पडतो. त्या वचनावर बोट ठेवून ते बराच वेळ बसून राहिले, आणि त्या दिवशी आम्ही पुढे वाचले नाही.